फायरप्लेसची भिंत, जाळ नसतानाच्या दिवसांसाठी

सजावटीच्या मासिकात फायरप्लेसच्या भिंतीचा फोटो असला की त्यात जाळ हमखास पेटलेला असतो. मला ही शुद्ध लबाडी वाटते. जाळ पेटलेला असताना त्या भिंतीवर काहीही टांगा, नाही तर काहीच टांगू नका, बघणार कोण? ज्वाळा दिसल्या की माणसाचे डोळे तिथून हलत नाहीत. खरी पंचाईत बाकीच्या दिवसांची. तेव्हा हॉलच्या ऐन मध्यावर एक काळं भगदाड असतं, सगळे सोफे त्याच्याकडे तोंड करून मांडलेले असतात आणि आत बघण्यासारखं काही नसतं. म्हणून माझं म्हणणं असं, की ही भिंत सजवायची ती न पेटलेल्या फायरप्लेससाठी. पेटल्यावरचं जाळ बघून घेईल. आपण फक्त त्याच्या वाटेत यायचं नाही.

हे काही माझ्याच डोक्यातून निघालेलं नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या घरांत उन्हाळा आला की फायरप्लेसच्या तोंडावर बेताने कापलेली लाकडी फळी बसवत. तिच्यावर चित्र रंगवलेलं असे, पुष्कळदा फुलांनी भरलेल्या फुलदाणीचं, जणू ती फुलदाणी त्या रिकाम्या कोनाड्यातच ठेवली आहे. भगदाड झाकलं जाई आणि धुराड्यातून खाली येणारा वारा नि काजळीही अडे. आजही हे सहज करता येतं. प्लायवूडचा तुकडा तोंडाच्या मापाने कापायचा, वर कापड ताणून बसवायचं किंवा रंग काढायचा, मागे एक मूठ लावायची. चित्र काढता येत नसेल तर एकच गडद रंग द्या, तोही छान दिसतो. पेटवण्याआधी फळी काढायची आहे, एवढं मात्र घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं.

आमच्याकडे मी फळी न बसवता ओंडके रचले. कापलेली गोल तोंडं बाहेरच्या बाजूला, जाड-बारीक मिसळून, खालपासून पार वरपर्यंत. हे असं गच्च भरलं तरच शोभतं. अर्धाच कोनाडा भरला तर काल रात्रीचं सरपण उरल्यासारखं दिसतं. बर्चची लाकडं मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण त्यांची पांढरी साल त्या काळोखात उठून दिसते. मी रचत होते आणि माझे सासरे, म्हणजे बाबा, मागे उभे राहून बघत होते. त्यांच्या खिशात मोजायची टेप कायम असते. निवृत्त झाल्यापासून तर ती टेप आणि ते असा जोडीनेच त्यांचा घरभर वावर असतो.

"सूनबाई, हे जाळायचंय की बघायचंय?"

"बघायचंय, बाबा."

"मग सालीखाली कीड आहे का बघितलंस?"

बघितलं नव्हतं, मग बघितलं. सालीसकट आणलेल्या लाकडात किडे असू शकतात. गारठ्यात ते गप्प असतात आणि घरातल्या उबेला आले की बाहेर पडतात. म्हणून शोभेची लाकडं पूर्ण वाळलेली, ब्रशने झाडून घेतलेलीच हवीत.

ओंडके नको असतील तर मेणबत्त्या. वेगवेगळ्या उंचीच्या, जाड्या, धातूच्या एका तबकात एकत्र ठेवलेल्या. त्या लावताना धुराड्याची झडप उघडी ठेवायची. थोड्याशा का होईना, त्यांच्याही काजळीला वर जायला वाट लागते. एरवी फायरप्लेस बंद असताना झडप बंदच हवी, नाही तर खोलीतली हवा आपण पैसे मोजून गरम किंवा गार करतो आणि ती धुराड्याने निघून जाते. कुंडीतलं जिवंत रोप मात्र आत ठेवू नका. त्या अंधारात ते जगत नाही. आणि काचेच्या बरणीत कोंबलेल्या विजेच्या दिव्यांच्या माळा मला स्वतःला आवडत नाहीत. त्यावर अधिक बोलत नाही.

आता रंग. काळं भगदाड ठळक दिसतं ते पांढऱ्या भिंतीमुळे. ज्यांना भगदाड सलतं तेच लोक भिंत आणखी पांढरी करत जातात, आणि भगदाड आणखी काळं होत जातं. भिंतीचा पुढे आलेला भाग, म्हणजे ज्याच्या पोटातून धुराडं जातं तेवढाच, गडद रंगवून पाहा. कोळशासारखा करडा, गर्द हिरवा, शाईसारखा निळा, काहीही. कोनाड्याची काळी चौकट त्या रंगात विरघळते आणि भिंत एकसंध वाटायला लागते. आमची आता गर्द हिरवी आहे. नवऱ्याला वाटत होतं खोली लहान दिसेल. तसं झालं नाही, कारण बाकीच्या तीन भिंती फिक्याच ठेवल्या.

आतला कोनाडाही रंगवता येतो, पण तिथे साधा रंग चालणार नाही. तो जळतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि वास घरभर सुटतो. उष्णता सोसणारा रंग वेगळा मिळतो, ६५० अंश सेल्सियसच्या आसपास टिकेल असा. काळा, मॅट. काजळीने आधीच काळ्या झालेल्या विटा असा हात दिल्यावर मुद्दाम केल्यासारख्या दिसतात.

विटांची भिंत असेल तर ऑइलपेंटचा डबा उघडायच्या आधी जरा थांबा. विटेवर एकदा रंग बसला की तो पुन्हा काढणं महाकर्मकठीण. रंग विटेच्या छिद्रांत शिरतो आणि खरवडायला गेलं तर विटेचाही पापुद्रा जातो. शिवाय वीट ओल पिते आणि सोडते. जाड पडदा धरणाऱ्या रंगाखाली ती ओल अडकली की फुगे येतात. लालभडकपणाच तेवढा नकोसा असेल तर पातळ चुन्याचा हात द्यावा. चुना विटेत मुरतो, ओल बाहेर पडू देतो, आणि ओला असताना फडक्याने इथे-तिथे पुसून घेतला की वीट मधूनमधून डोकावत राहते. एखाद्या कोपऱ्यात पांढरी, खारट भुकटी दिसत असेल, म्हणजे लोणा लागला असेल, तर काहीही लावण्याआधी ओल कुठून येते ते शोधा. बहुतेकदा ती धुराड्याच्या वरच्या टोकाकडून किंवा छपराच्या सांध्यातून उतरलेली असते. विटांमधल्या दरजा, म्हणजे सांधे, झडल्या असतील तर त्या भरून घ्या. नुसत्या दरजा नीट भरल्या तरी जुनी भिंत दहा वर्षांनी तरुण होते.

तोंडाच्या वर भिंतीवर काळपट जिभा उमटल्या असतील तर तो मळ आहे असं समजून रंग मारू नका. धूर वर जायच्या ऐवजी खोलीत येतोय, असं ती भिंत सांगत असते. झडप पूर्ण उघडत नसेल, धुराडं चोंदलं असेल, नाही तर तोंडच धुराड्याच्या मानाने मोठं असेल. ढोबळ हिशेब असा, की धुराड्याच्या नळीचं क्षेत्रफळ तोंडाच्या क्षेत्रफळाच्या साधारण एक दशांश तरी असावं. आधी धुराडं साफ करणाऱ्याला बोलवा. मग ती काजळी कोरड्या ब्रशने किंवा काजळी टिपणाऱ्या कोरड्या रबरी स्पंजाने काढा. पाणी लावलंत की काजळी भिंतीत भिनते. शेवटी डाग रोखणारा प्रायमर आणि मगच रंग, नाही तर पिवळट डाग वर येणारच.

या सगळ्यात मॅन्टेल, म्हणजे तोंडाच्या वरची ती आडवी फळी, हा आमच्या घरातला सर्वांत मोठा वादाचा विषय. मला जाड, खडबडीत, जुन्या तुळईच्या लाकडाची फळी हवी होती आणि ती बरीच खाली हवी होती. बाबांनी टेप काढली. लाकूड जाळणाऱ्या, विटांनी बांधलेल्या फायरप्लेससाठी अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमावलीत एक मोजमाप आहे, ते त्यांना तोंडपाठ. तोंडाच्या कडेपासून सहा इंचांच्या आत जळण्याजोगं काही नको. त्यापुढे बारा इंचांपर्यंत दर इंच अंतरामागे एक अष्टमांश इंच, एवढंच लाकूड भिंतीतून पुढे येऊ द्यायचं. म्हणजे तोंडाच्या वर आठ इंचांवर जास्तीत जास्त एक इंच आणि बारा इंचांवर दीड इंच. माझी तुळई सात इंच पुढे येणारी. "तेव्हा ही बारा इंचांच्या वर जाणार. तुझी हौस कितीही असो," बाबा म्हणाले. गेली वर. गॅसवर चालणारी फायरप्लेस असेल तर हे आकडे विसरा आणि तिच्या पुस्तिकेत काय छापलंय ते पाहा, कारण प्रत्येक मॉडेलचं माप वेगळं असतं. विजेवर चालणारीला धुराडं नसतं, पण १५०० वॅटचा हीटर असतो. त्यातली गरम हवा वरून बाहेर पडते की खालून, हे फळी लावण्याआधी बघून घ्यायचं.

ही नुसती कटकट नाही. लाकूड वर्षानुवर्षं तापत राहिलं तर आतल्या आत कोळसत जातं आणि मग ते पूर्वीपेक्षा कमी उष्णतेला पेट घेऊ शकतं. पहिले काही हिवाळे काही झालं नाही, म्हणून पुढेही होणार नाही, असं म्हणता येत नाही. तुमच्याकडे जुनी फळी असेल तर एक सोपी गोष्ट करा. नेहमीसारखा जाळ करून दोन-तीन तास चालू द्या आणि फळीच्या खालच्या अंगाला, वर आणि तिच्यावरच्या भिंतीवर थर्मामीटरने तापमान बघा. ही तीन मापं हातात आली की तिथे काय ठेवता येईल आणि काय नाही, यावरचे निम्मे वाद मिटतात. मेणाच्या वस्तू, फ्रेममधले जुने फोटो, तैलचित्र, वाळलेली फुलं यांची जागा आपोआप ठरते. जिथे भिंत हाताला चटका देते तिथे जिप्सम बोर्डाऐवजी सिमेंट बोर्ड आणि वर दगड किंवा टाइल, एवढंच.

दगड निवडताना संगमरवराच्या नुसत्या रूपावर भाळू नका. तो काही उष्णतेला भीत नाही, पण फिका असला तर काजळीचे डाग धरतो आणि आम्लाचा अंश असलेल्या क्लीनरने त्याची चकाकी जाते. स्लेट आणि सोपस्टोन गडद असतात, उष्णता मुकाट सोसतात. सोपस्टोन तर तापल्यावर बराच वेळ ऊब धरून ठेवतो. टाइल्सची गोष्ट मात्र मला फार आवडते. नेदरलँड्समधल्या निळ्या-पांढऱ्या डेल्फ्ट टाइल्स सतराव्या शतकापासून फायरप्लेसभोवती लावल्या जाऊ लागल्या, कारण त्यांच्यावरची काजळी फडक्याने पुसून निघते. आधी सोय, मग शोभा. आणि प्रत्येक टाइलवर एखादं जहाज, एखादं पोर, एखादा मासा. जाळ नसताना बघायला काहीतरी! आपण सगळ्या भिंतीभर टाइल्स लावायची गरज नाही. तोंडाभोवतीची एक ओळ पुरते.

मॅन्टेलच्या वर काय, हा पुढचा प्रश्न. आरसा हे सगळ्यांना पहिलं सुचणारं उत्तर. फ्रान्समध्ये १६६५ साली राजाश्रयाने आरशांचा कारखाना निघाला, पुढे काच ओतून मोठे आरसे करता येऊ लागले, आणि फायरप्लेसच्या वरची जागा आरशाची झाली. मेणबत्त्यांच्या काळात उजेड दुप्पट करण्याचा तो उपाय होता. आज मात्र लोक एक गोष्ट बघत नाहीत, ती म्हणजे आरशात दिसणार काय? तुम्ही सोफ्यावर बसलात की डोळे जमिनीपासून साधारण ४० ते ४२ इंचांवर असतात आणि आमच्यासारख्या मॅन्टेलवर आरशाची खालची कडच ५८ इंचांवर. म्हणजे बसल्या जागेवरून समोरच्या भिंतीचा वरचा पट्टा आणि छत, एवढंच दिसणार. छतावर सुंदर नक्षी असेल तर लावा. नाही तर आरसा वरच्या बाजूने किंचित पुढे झुकवून टांगा, किंवा सरळ चित्र लावा.

चित्राची रुंदी मॅन्टेलच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असावी आणि त्याची खालची कड फळीपासून चार-सहा इंचांवर यावी. चित्र फार वर टांगलं की ते फळीपासून तुटतं, भिंतीवर एकटंच तरंगतं. माझी पद्धत अशी, की जुनी वर्तमानपत्रं चिकटवून चित्राच्या मापाचा कागद करायचा आणि तो भिंतीवर मास्किंग टेपने लावून काही दिवस तसाच राहू द्यायचा. येता-जाता डोळ्याला खुपत असेल तर सरकवायचा. खिळा त्यानंतर.

नवऱ्याला तिथे टीव्ही हवा होता. "अगं, सगळ्यांची तोंडं तिकडेच असतात ना, मग टीव्ही दुसरीकडे कशाला?" मुद्दा बिनतोड वाटतो. पण आमचा मॅन्टेल ५४ इंचांवर. त्यावर चार इंच मोकळे सोडले आणि ५५ इंची टीव्हीची उंची साधारण २७ इंच धरली, तर पडद्याचा मध्य येतो ७१ इंचांच्या वर. डोळ्यांपासून तीस इंच उंच. पहिल्या रांगेत बसून सिनेमा बघितल्यासारखी मान. वर उष्णतेचा प्रश्न आहेच. बऱ्याच टीव्हींच्या पुस्तिकेत वापराच्या तापमानाची मर्यादा ४० अंश दिलेली असते. पण मला खरं खुपतं ते वेगळंच. बंद टीव्ही आणि विझलेली फायरप्लेस, एकाच्या वर एक. एका भगदाडाची दोन झाली. टीव्ही शेवटी बाजूच्या भिंतीवर गेला, हलत्या ब्रॅकेटवर. नवरा अजून अधूनमधून मानेला व्यायाम होतो असं म्हणतो.

वर काहीच नसणं हाही पर्याय आहे, आणि तो लोकांना सुचत नाही. अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने शिकागोत बांधलेलं रॉबी हाउस हे घर १९१० साली पूर्ण झालं. त्यात बैठक आणि जेवणघर यांच्या मधोमध फायरप्लेस आहे आणि तिच्या वर, जिथे आपण चित्र टांगू तिथे, विटांचं बांधकाम मोकळं सोडलेलं आहे, म्हणजे आरपार पलीकडची खोली दिसते. त्याच्याच फॉलिंगवॉटर या दुसऱ्या घरात तर मूळ खडकच जागेवर ठेवून त्याचा ओटा केला. भोवतालची फरशी मेण लावून चमकवली आणि खडकाला मुद्दाम चमक दिली नाही, त्यामुळे तो पाण्यातून वर आल्यासारखा दिसतो. आपल्याला डोंगर नाही उचलून आणता येत, पण त्यातून एक गोष्ट घेता येते. भिंतीवर चांगला दगड किंवा चांगली वीट असेल तर तिच्यापुढे गर्दी नको. छताजवळ भिंतीच्या अगदी लगत दिवा लावून उजेड खाली सोडा. प्रत्येक खाचखळगा सावली टाकतो आणि दगड उठून येतो. फक्त हा प्रयोग ओबडधोबड गिलाव्यावर करू नका, गवंड्याचे सगळे दोष चव्हाट्यावर येतात.

फळीवर मी आता तीनच वस्तू ठेवल्या आहेत. एका टोकाला उंच मातीचा घडा, त्याला खेटून एक बुटका, आणि दुसऱ्या टोकाजवळ पितळी घड्याळ. मध्ये मोकळं. दोन्ही बाजूंना एकसारखी मेणबत्ती, एकसारखी फुलदाणी असा तोल बघितला की मला कार्यालयाच्या स्वागतकक्षात आल्यासारखं वाटतं. माझी एक मैत्रीण मात्र आलेली प्रत्येक भेटवस्तू मॅन्टेलवर मांडते आणि तिला ते शोभतंही, कारण ती दर महिन्याला निम्म्या उचलून कपाटात टाकते. ज्यांच्याकडून हे होत नाही त्यांनी फळी अरुंदच बनवावी.

राहिल्या दोन्ही बाजूंच्या खोबणी. पुढे आलेल्या भागाच्या डाव्या-उजव्या अंगाला जी जागा उरते तिथे कपाटं बसवली तर सगळी भिंत एक होते. फक्त त्यांची खोली धुराड्याच्या भागाहून दोन-तीन इंच कमी ठेवायची, म्हणजे मधला भाग पुढेच राहतो. खाली बंद कप्पे, वर उघडी फळ्यांची मांडणी, आणि मांडणीतली एखादी फळी मॅन्टेलच्या रेषेत आली तर डोळा भिंतभर सलग फिरतो. बाबांचं म्हणणं, वरच्या फळ्यांनाही काचेची दारं हवीत, नाही तर राखेची धूळ पुस्तकांवर बसते. ते बरोबर आहे. माझं म्हणणं, काचेत पुन्हा खोलीचं प्रतिबिंब आणि दिव्यांची चमक दिसणार. तेही बरोबर आहे. सुतार पुढच्या आठवड्यात माप घ्यायला येतोय आणि बाबांनी त्याच्या आधीच माप घेऊन कागदावर लिहून ठेवलंय, दारांसकट.